रेंडर लावला की सिंकथिंग तुटतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोटो स्टुडिओ, व्हिडिओ एडिटिंग आणि डीटीपीवाल्यांकडून एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येत राहते. सिंकथिंग, म्हणजे वेगवेगळ्या कॉम्प्युटरवरचे फोल्डर थेट एकमेकांशी जुळते ठेवणारं सॉफ्टवेअर, वापरून दोन कॉम्प्युटर दिवसभर नीट जोडलेले असतात. एकावर रेंडर, म्हणजे अंतिम व्हिडिओ किंवा चित्र तयार करण्यासारखं जड काम लागलं की दुसऱ्यावर ‘डिस्कनेक्टेड’ दिसायला लागतं. मग राउटर बदलला जातो, केबल बदलली जाते, इंटरनेटवाल्याशी भांडण होतं. यातलं बरंचसं टाळता येतं, कारण दोष बहुतेक वेळा कामाखाली दबलेल्या त्या मशीनमध्येच असतो आणि तो शोधायला एक पैसाही लागत नाही. म्हणून हा खटाटोप. उत्तरं सिंकथिंगसाठी आहेत आणि भर विंडोजवर आहे. मेनूतली नावं पडद्यावर दिसतात तशी, फक्त देवनागरीत दिली आहेत.

१. सिंकथिंग म्हणजे टोरंटच ना?

नाही, पण जवळचं आहे. दोन्हींत मधे कुणाचा साठवणीचा सर्व्हर नसतो, फाइलचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा हॅश, म्हणजे त्यातल्या डेटावरून काढलेला आकडी ठसा, जुळवून तपासला जातो. सिंकथिंगमध्ये हा तुकडा फाइलच्या आकारानुसार १२८ किलोबाइट ते १६ मेगाबाइट असतो. मोठा फरक हा की टोरंटमध्ये तुम्ही अनोळखी लोकांशी जोडले जाता, तर इथे दोन्ही बाजूंनी परवानगी दिलेली उपकरणंच एकमेकांशी बोलतात. त्यामुळे जोडण्या मोजक्या असतात, आणि एक जरी तुटली तरी काम थांबलेलं लगेच कळतं.

२. मधेच तुटलं तर फाइल खराब होते का?

होत नाही. येत असलेली फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहिली जाते आणि सगळे तुकडे जुळल्यावरच तिला खरं नाव मिळतं. अर्धवट राहिलेली तात्पुरती फाइल मूळ सेटिंगनुसार २४ तास ठेवली जाते, त्यामुळे जोडणी परत आली की राहिलेले तुकडेच येतात. घाबरून ती फाइल हाताने डिलीट करू नका. लग्नाचं ६० जीबी फुटेज पुन्हा पहिल्यापासून ओढायची वेळ अशाच घाईतून येते.

३. ‘डिस्कनेक्टेड’ दिसलं म्हणजे नेट गेलं असंच ना?

त्याचा अर्थ इतकाच की ठरलेल्या वेळात समोरून काही ऐकू आलं नाही. बोलण्यासारखं काही नसलं तरी सिंकथिंग दर ९० सेकंदांनी एक छोटा ‘पिंग’ पाठवतं. ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटं, समोरून एकही संदेश आला नाही तर जोडणी मेली असं धरून ती बंद केली जाते. त्यानंतर साधारण दर मिनिटाला पुन्हा जोडायचा प्रयत्न होतो.

हे झालं टीसीपीचं, म्हणजे नेटवर्कवर डेटा पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीचं. जोडणी क्विकवर, म्हणजे यूडीपी या दुसऱ्या पद्धतीवर चालणाऱ्या प्रोटोकॉलवर असेल तर मुदत फार कमी असते: अर्धा मिनिट शांतता पडली की ती तुटते. मशीन सारखंच, काम सारखंच, पण एकाकडे जोडणी टिकते आणि दुसऱ्याकडे दर काही मिनिटांनी तुटते, याचं कारण पुष्कळदा हेच असतं. तुमची जोडणी कोणती ते समोरच्या उपकरणाच्या नावावर क्लिक केल्यावर ‘कनेक्शन टाइप’ या ओळीत दिसतं. पुढे काय करायचं ते प्रश्न ७ मध्ये आहे.

४. दोन कॉम्प्युटरपैकी दोषी कोणता, हे कसं कळणार?

सिंकथिंगच्या पानावर ‘ॲक्शन्स’मधून ‘लॉग्ज’, म्हणजे घडामोडींची नोंद, उघडा आणि दोन्ही मशीनवरची तुटण्याची वेळ शेजारी शेजारी ठेवा. एकावर ‘रीड टाइमआउट’ असेल आणि त्याच सेकंदाच्या आसपास दुसऱ्यावर ‘ईओएफ’ किंवा ‘समोरच्याने जोडणी बंद केली’ अशा अर्थाची ओळ असेल, तर पहिल्याने वाट पाहून फोन ठेवला आणि दुसरा गप्प बसला होता. संशय आधी दुसऱ्यावर घ्या. लोक नेमकं उलट करतात: ज्या मशीनवर तक्रारीची ओळ दिसते तेच फॉरमॅट करायला घेतात.

याला एक अपवाद आहे. मशीन फारच दबलेलं असेल तर आलेले संदेशही त्याला वेळेत वाचता येत नाहीत आणि ‘रीड टाइमआउट’ ते स्वतःच नोंदवतं. अशा वेळी त्या मशीनवर ब्राउझरमध्ये सिंकथिंगचं पान, म्हणजे १२७.०.०.१ वरचं ८३८४ पोर्ट, उघडून पाहा. ते उघडायलाच दहा-वीस सेकंद लागत असतील तर दोष तिथेच आहे.

लॉगमध्ये तासभराचं भगदाड दिसत असेल आणि त्या वेळेत एकही ओळ नसेल, तर मशीन झोपलं होतं. विंडोजच्या ‘पॉवर’ सेटिंगमध्ये ‘स्लीप’ची वेळ ‘नेव्हर’ करा. रेंडर चालू असला म्हणजे मशीन झोपणार नाही, असं धरून चालू नका. ते त्या त्या सॉफ्टवेअरवर असतं.

५. मशीन ‘बिझी’ आहे म्हणजे नक्की काय भरलंय?

सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नावर घालवा, कारण सीपीयू, डिस्क आणि रॅम या तिघांची औषधं वेगळी आहेत. रेंडर चालू असताना टास्क मॅनेजरचा ‘परफॉर्मन्स’ टॅब उघडा आणि तो पाच-दहा मिनिटं नुसता पाहत राहा.

सीपीयू १०० टक्के दिसणं हे रेंडरमध्ये चांगलंच लक्षण आहे, त्याने दचकू नका. नुसता सीपीयू भरल्यामुळे सिंकथिंग सलग पाच मिनिटं गप्प राहणं दुर्मीळ आहे. बराच वेळ ताटकळलेल्या कामाला विंडोज अधूनमधून स्वतःच पुढे घेते. क्विकच्या अर्ध्या मिनिटाला मात्र तो धक्का पोहोचू शकतो.

डिस्कच्या पानावर ‘ॲक्टिव्ह टाइम’ सतत १०० टक्क्यांना चिकटलेला आणि ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ शेकड्यांनी मिलिसेकंद दिसत असेल, तर चोर सापडला. कोणत्या फाइलची कोणती आवृत्ती कोणत्या उपकरणाकडे आहे आणि तिच्या तुकड्यांचे हॅश काय, याची नोंद सिंकथिंगचा डेटाबेस ठेवतो. तो याच डिस्कवर असेल तर साधी नोंद करायलाही त्याला रांगेत उभं राहावं लागतं.

रॅमसाठी ‘रिसोर्स मॉनिटर’ उघडून ‘हार्ड फॉल्ट्स’चा रकाना पाहा. तिथे आकडे सतत धावत असतील तर विंडोज रॅममधला मजकूर डिस्कवर टाकतेय आणि परत आणतेय. ८ जीबी रॅमवर एडिटिंग सॉफ्टवेअर, वीस टॅब उघडलेला ब्राउझर आणि सिंकथिंग हे त्रिकूट आजच्या घडीला तग धरत नाही. इथे सेटिंग चाळत बसण्यात अर्थ नाही. रॅम वाढवा किंवा रेंडरच्या वेळी ब्राउझर बंद ठेवा.

६. टास्क मॅनेजरमधून सिंकथिंगची प्रायॉरिटी ‘हाय’ करू का?

करू नका, आधी त्याचं स्वतःचं सेटिंग बघा. सिंकथिंग सुरू होताना आपली प्रायॉरिटी आपणहून खाली आणतं, कारण ते पाठीमागे गुपचूप चालावं अशी कल्पना आहे. विंडोजवर ते ‘बिलो नॉर्मल’ होतं आणि लिनक्सवर नाइस ९ घेतं. रिकाम्या मशीनवर ही सभ्यता छान आहे. सगळे कोअर रेंडरने अडवलेल्या मशीनवर मात्र ते सगळ्यांच्या मागे पडतं.

‘ॲक्शन्स’, त्यात ‘ॲडव्हान्स्ड’, त्यात ‘ऑप्शन्स’ उघडा, ‘सेट लो प्रायॉरिटी’वरची खूण काढा, सेव्ह करा आणि सिंकथिंग पुन्हा सुरू करा. ‘नॉर्मल’ एवढी पायरी पुरते. टास्क मॅनेजरमधून हाताने दिलेली ‘हाय’ प्रायॉरिटी पुढच्या वेळी निघून जाते, आणि तोवर मोठं स्कॅन लागलं तर तुमचा माउस अडखळायला लागतो.

याहून चांगला मार्ग म्हणजे रेंडरलाच थोडं आवरणं. ब्लेंडरमध्ये ‘परफॉर्मन्स’खाली थ्रेड्सचा मोड ‘फिक्स्ड’ करून एकूण संख्येपेक्षा एक-दोन कमी ठेवा. हँडब्रेकमध्ये प्रायॉरिटीचं सेटिंग प्रेफरन्सेसमध्ये आहे. रेंडरचा वेळ थोडा वाढेल, पण पलीकडे बसलेल्या माणसाचं काम थांबणार नाही.

७. एकाच खोलीत, एकाच स्विचवर दोन मशीन आहेत, तरी ‘क्विक लॅन’ का दिसतं?

कारण टीसीपीची वाट बंद आहे. सिंकथिंगचा पसंतीक्रम ठरलेला आहे: आधी लॅनवर, म्हणजे जागेतल्याच नेटवर्कवर, टीसीपी, मग लॅनवर क्विक, मग बाहेरून टीसीपी, बाहेरून क्विक, आणि काहीच जमलं नाही तर रिले, म्हणजे मधल्या तिसऱ्या सर्व्हरमार्फत जोडणी. दोन्ही मशीन एकमेकांना हाक मारून पाहतात, म्हणजे टीसीपीला एका बाजूने जरी दार उघडं असतं तरी जोडणी टीसीपीवर गेली असती. क्विक दिसतंय याचा अर्थ बहुधा दोन्हीकडचा फायरवॉल टीसीपीचं २२००० पोर्ट अडवतोय.

निदान एका मशीनवर ते येणाऱ्या जोडण्यांसाठी उघडा. विंडोजमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ धरलं गेलं असेल तर ‘प्रायव्हेट’ करा. एकमेकांना शोधण्यासाठी यूडीपी २१०२७ हे पोर्टही लागतं. शिवाय व्यस्त मशीनला राउटरमधून स्थिर आयपी बांधून द्या, आणि दुसऱ्या मशीनवर त्या उपकरणाच्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘ॲड्रेसेस’च्या रकान्यात टीसीपीच्या उपसर्गासह तो आयपी आणि २२००० टाका. पुढे स्वल्पविराम देऊन ‘डायनॅमिक’ हा शब्द राहू द्या. एवढ्या एका बदलाने कित्येकांचं रडगाणं थांबलेलं पाहिलं आहे.

८. डिस्क १०० टक्के आहे, पण नवी घ्यायची ऐपत सध्या नाही. काय करता येईल?

बरंच काही. ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘मॅक्स फोल्डर कन्करन्सी’ १ करा. मूळ सेटिंगमध्ये ही मर्यादा सीपीयूच्या लॉजिकल कोअरइतकी असते, म्हणजे आठ फोल्डर असतील तर आठही एकदम स्कॅन व्हायला लागू शकतात. फिरत्या हार्डडिस्कचं त्याने कंबरडं मोडतं. १ केलं की फोल्डर एकामागून एक घेतले जातात.

फोल्डरचं पूर्ण स्कॅन मूळ सेटिंगनुसार दर ३६०० सेकंदांनी होतं. ‘वॉच फॉर चेंजेस’ चालू असेल तर बदल तसेही लगेच कळतात, तेव्हा ही मुदत दिवसभराची केली तरी चालते. सिंकथिंगचा डेटाबेस सी ड्राइव्हवरच्या एसएसडीवर असू द्या आणि फुटेज भलेही हार्डडिस्कवर ठेवा. अँटिव्हायरस प्रत्येक आलेली फाइल पुन्हा वाचतो हेही लक्षात घ्या. ज्या फोल्डरमध्ये फक्त तुमच्याच कॅमेऱ्याचं फुटेज येतं तेवढ्यालाच सूट द्या, अख्ख्या ड्राइव्हला नको.

हार्डडिस्क एसएमआर प्रकारची, म्हणजे डेटाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणारी, असेल तर सुरुवातीला ती भराभर लिहिते आणि नंतर एकदम मान टाकते. पहिली काही मिनिटं सगळं ठीक आणि मग तुटातुट, असं होत असेल तर तुमच्या मॉडेलची माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर तपासा. अशी डिस्क बॅकअपला ठेवा, कामाला नको.

९. रेंडर चालू असताना तीच फाइल पुन्हा पुन्हा ‘स्कॅनिंग’ का होते?

कारण तुम्ही एक्स्पोर्ट थेट सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये करताय. फाइल वाढत असते, सिंकथिंगला बदल कळतो, ते साधारण दहा सेकंद थांबून हॅश काढायला घेतं, तेवढ्यात फाइल आणखी वाढते आणि काढलेला हॅश वाया जातो. २० जीबीच्या फाइलवर हे तासभर चाललं की डिस्क आणि सीपीयू दोन्ही फुकट झिजतात, आणि जोडणी तुटायला स्वतःच कारण तयार होतं.

एक्स्पोर्ट बाहेरच्या फोल्डरमध्ये करा आणि पूर्ण झाल्यावर ती फाइल सिंकच्या फोल्डरमध्ये हलवा. दोन्ही फोल्डर एकाच ड्राइव्हवर असतील तर हलवायला क्षणही लागत नाही. मीडिया कॅश, प्रिव्ह्यू आणि ऑटोसेव्हची फोल्डर फोल्डरच्या ‘इग्नोअर पॅटर्न्स’ टॅबमध्ये टाकून वगळा. पॅटर्न आपोआप दुसऱ्या मशीनवर जात नाहीत, दोन्हीकडे लिहावे लागतात.

१०. बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी लावली की वाय-फायच जातं. हा योगायोग आहे का?

योगायोग नाही. यूएसबी ३ ची केबल आणि डिस्क काम करत असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट सोडतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण काढलं होतं. तुमचा वाय-फाय डोंगल त्याच डिस्कशेजारच्या पोर्टमध्ये असेल तर त्याला राउटर ऐकूच येईनासा होतो. कॉपी संपली की सगळं पूर्ववत, त्यामुळे दोष शोधणारा चक्रावतो. पडताळायला सोपं आहे: डोंगल मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शनने दूर न्या आणि पुन्हा कॉपी लावा. जोडणी टिकली तर निदान पक्कं. कायमचा उपाय म्हणजे ५ गिगाहर्ट्झ किंवा सरळ लॅन केबल. माझं मत विचाराल तर ज्या मशीनवर पोटापाण्याचं काम चालतं त्याला केबलच हवी.

वाय-फायवरच राहायचं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या ॲडॅप्टरच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी खूणही काढून टाका.

११. कॉम्प्युटर यूपीएसवर आहे, एकदाही बंद पडला नाही, तरी पावसाळ्यात दिवसातून चार वेळा तुटतं.

राउटर आणि फायबरचा छोटा डबा यूपीएसवर आहेत का? वीज क्षणभर लपकली की ते दोन्ही नव्याने सुरू होतात. राउटरसाठीचा लहान १२ व्होल्टचा यूपीएस बाजारात मिळतो, तो लावा.

१२. त्याच मशीनवर टोरंटही चालू असतं आणि क्लायंटला मोठ्या फाइलही अपलोड होत असतात. त्याने फरक पडतो?

पडतो, पण दोन वेगळ्या तऱ्हांनी. टोरंट सॉफ्टवेअर शेकडो जोडण्या उघडतं. क्यूबिटटोरंटची मूळ मर्यादाच एकूण ५०० आहे. घरगुती राउटरचा जोडण्यांचा तक्ता मर्यादित असतो, तो भरला की राउटर सगळ्यांनाच अडवतो. खूण अशी: त्या वेळी घरातल्या मोबाइलवरही पानं उघडत नाहीत. मर्यादा १०० वर आणून पाहा.

अपलोडने लाइन भरली तर पिंगही रांगेत अडकतो आणि सगळं मंदावतं. सिंकथिंगच्या ‘कनेक्शन्स’ टॅबमध्ये बाहेर जाणाऱ्या वेगाला तुमच्या खऱ्या अपलोडच्या ८० टक्क्यांपर्यंत मर्यादा घाला. तिथे आकडा सेकंदाला किबीबाइट्समध्ये द्यायचा असतो, मेगाबिटमध्ये नाही. लॅनवरच्या वेगाला ही मर्यादा लागू करायची खूण वेगळी आहे. ती रिकामीच ठेवा.

१३. घर आणि स्टुडिओ वेगवेगळ्या गावांत आहेत. नेहमी ‘रिले’ दिसतं, वेगही नाही आणि तुटतंही. काय करू?

राउटरच्या पानावर बाहेरचा आयपी पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात: एकच सार्वजनिक आयपी कंपनीने अनेक ग्राहकांत वाटला आहे, आणि राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करून उपयोग नाही. मोबाइल डेटावर आणि कित्येक फायबर जोडण्यांवर हीच स्थिती असते.

दोन्हीकडे आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत, सुरू करून घ्या. ते असेल तर थेट जोडणी जमण्याची शक्यता चांगली असते, फक्त राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये २२००० उघडावं लागू शकतं. नसेल तर कंपनीकडे स्थिर आयपी मागा. तो बहुधा जादा पैशांत मिळतो आणि एका टोकाला असला तरी पुरतो. रिलेतून जाणारा डेटा टोकापासून टोकापर्यंत एन्क्रिप्टेड असतो, तेव्हा सुरक्षेची काळजी नको. पण रिले स्वयंसेवकांनी चालवलेले असतात, त्यांच्यावर रोजचं फुटेज ओतू नये.

१४. दुसऱ्या आवृत्तीवर आल्यापासून मशीन जाम आहे. जुनी टाकू का?

थांबा. सिंकथिंग २ ही आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली आणि तिने डेटाबेस बदलून एसक्यूलाइट घेतला. पहिल्यांदा सुरू होताना जुना डेटाबेस नव्यात उतरवला जातो. लाखो फाइल असतील तर याला बराच वेळ लागतो. तो मधे तोडू नका, रात्री लावून सोडा.

दोन्हीकडे दुसरी आवृत्ती असेल तर दोन उपकरणांत तीन जोडण्या दिसतील: एक फाइलच्या माहितीसाठी, दोन डेटासाठी. हा बिघाड नाही. तिन्हींपैकी एखादी तुटली आणि उपकरण ‘कनेक्टेड’च राहिलं तर दुर्लक्ष करा.

१५. तीन मशीन आहेत. एक जोडलं की दुसरं तुटतं, लपंडाव चालतो. व्यस्त तर कुणीच नाही!

एका मशीनची डिस्क क्लोन करून दुसरं तयार केलंय का? मग दोघांचा डिव्हाइस आयडी एकच आहे. तिसऱ्याला ते एकच उपकरण वाटतं, आणि ते कधी याच्याशी तर कधी त्याच्याशी बोलतं. आयडी दोन्हीकडे ‘ॲक्शन्स’मधल्या ‘शो आयडी’ने ताडून पाहा. जुळले तर क्लोन केलेल्या मशीनवर सिंकथिंग बंद करा, त्याचं कॉन्फिगरेशनचं अख्खं फोल्डर दुसरीकडे हलवा आणि ते पुन्हा सुरू करा. नवा आयडी मिळेल. मग उपकरणं आणि फोल्डर नव्याने जोडा. फुटेजला हात लागत नाही, फक्त एकदा पूर्ण स्कॅन होतं. यात ढिलाई नको, दोन मशीन एकाच ओळखीने बदल पाठवत राहिली तर फाइलच्या आवृत्त्यांचा गोंधळ होतो.

१६. सगळं करून पाहिलं. मदत मागताना काय पाठवू?

दोन्ही मशीनवरच्या लॉगमधल्या तुटण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दहा मिनिटांच्या ओळी, ‘कनेक्शन टाइप’, दोन्हीकडची आवृत्ती, आणि त्याच वेळेचे टास्क मॅनेजरमधले सीपीयू, रॅम व डिस्कचे फोटो. त्या वेळी कोणतं सॉफ्टवेअर काय करत होतं आणि फाइल कोणत्या प्रकारच्या डिस्कवर जात होती तेही लिहा. मधल्या काळात रोज रेंडरची वेळ ठरलेली असेल तर तेवढ्यापुरतं ‘पॉज ऑल’ करून ठेवा. निदान डिस्कवरचा भार तरी हलका होईल. डिव्हाइस आयडी गुप्त नसतो, कारण दोन्हीकडून परवानगी दिल्याशिवाय त्याने कुणी जोडलं जाऊ शकत नाही. लॉगमधले आयपी आणि क्लायंटच्या नावाच्या फाइल मात्र झाकून पाठवा.